तेलाचे परावलंबन, राष्ट्रीय सुरक्षा आणि कायद्यातल्या तळटीपा

प्रश्न तीन भागांत आहे. अमेरिका स्वतः जगातला सर्वांत मोठा कच्च्या तेलाचा उत्पादक देश असताना इराणच्या आखाताची तिला एवढी काळजी कशाला? देशात पुरेसे तेल काढले की देश सुरक्षित होतो, हे खरे का? आणि या सगळ्या धोरणामागे तेल कंपन्याच असतात का? कच्च्या तेलाची खरेदी करणे आणि त्यासाठी टँकर ठरवणे या कामात माझी बरीच वर्षे गेली, तेव्हा उत्तर त्या बाजूने देतो.

आधी थोडक्यात सांगतो. देशात निघणारे तेल तुटवड्यापासून बऱ्यापैकी वाचवते, भावापासून वाचवत नाही. तेलवाल्यांचे वजन मोठे आहे यात वादच नाही, पण लोक ते लढायांमध्ये शोधतात आणि तिथे ते वाटते तितके सापडत नाही. कराचे एखादे कलम, आयातीचा एखादा नियम, अर्थसंकल्पाला हळूच जोडलेले एखादे वाक्य, अशा जागी ते ठळक दिसते. आणि तिथे ते बहुतेकदा 'राष्ट्रीय सुरक्षा' या नावानेच शिरलेले असते.

भावापासून सुरुवात करू. कच्च्या तेलाच्या करारात भाव म्हणून ठाम आकडा क्वचितच असतो. सूत्र असते: जहाज भरण्याच्या तारखेभोवतीच्या अमुक दिवसांतल्या ब्रेंट किंवा दुबई-ओमान या मानक तेलांच्या दराची सरासरी, त्यात इतके सेंट अधिक किंवा उणे. म्हणजे मी नायजेरियातून घेतले काय, नॉर्वेतून घेतले काय, इराणच्या आखाताच्या तोंडाशी, होर्मुझच्या सामुद्रधुनीत, गडबड झाली की माझे बिल वाढणारच. टेक्सासमधला विहीरमालकही शेजारच्या रिफायनरीला जगाच्या भावापेक्षा स्वस्त देत नाही, कारण त्याला परदेशी गिऱ्हाईक मोकळे आहे. १९७५ पासून असलेली कच्च्या तेलाची निर्यातबंदी अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०१५ मध्ये उठवली, त्यानंतर तर उरलासुरला आडपडदाही गेला.

याचा पुरावा २०२२ चा आहे. कच्चे तेल आणि तयार इंधने एकत्र धरली तर अमेरिका २०२० पासून निव्वळ निर्यातदार आहे. तरीही रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, जून २०२२ मध्ये तिथल्या पंपावर गॅलनचा सरासरी भाव ५ डॉलरच्या वर गेला. फरक पडला तो पैसा कोणाकडे गेला यात. पूर्वी तो परदेशात गेला असता, आता बराचसा देशातच राहिला. एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेलकंपनीने त्या वर्षी सुमारे ५५.७ अब्ज डॉलर नफा दाखवला. देशाच्या ताळेबंदाला हे बरेच म्हणायचे, पण गाडीत पेट्रोल भरणाऱ्याला त्याचा काय उपयोग? ऊर्जास्वावलंबनाचे भाषण ऐकताना हा फरक मनात ठेवावा: देश वाचतो म्हणजे ग्राहक वाचतो असे नाही.

दुसरी अडचण तेलाच्या जातीची. अमेरिकेत शेल नावाच्या खडकातून निघणारे तेल हलके आणि कमी गंधकाचे असते. पण मेक्सिकोच्या आखाताकाठच्या आणि मिडवेस्टमधल्या अनेक रिफायनऱ्यांनी पूर्वी अब्जावधी डॉलर घालून कोकर (जड तेलाचा गाळ मोडून त्यातून इंधन काढणारी यंत्रणा) बसवले, ते व्हेनेझुएला, मेक्सिको आणि कॅनडाचे जड, गंधकयुक्त तेल चालवण्यासाठी. कोकर रिकामा ठेवून हलके तेल चालवणे म्हणजे पैसे जाळणे. म्हणून २०२४ मध्ये दिवसाला सुमारे १ कोटी ३२ लाख पिंपे काढणारा हा देश त्याच वर्षी साठ लाखांहून जास्त पिंपे आयातही करत होता, त्यातली बहुतांश कॅनडाची. 'एवढे काढता तर आयात बंद करा' असे म्हणणाऱ्याला रिफायनरी नावाची वस्तू कशी चालते ते ठाऊक नसते, इतकेच.

आता होर्मुझ. २०२४ मध्ये या सामुद्रधुनीतून दिवसाला सुमारे दोन कोटी पिंपे जात होती, म्हणजे जगाच्या वापराचा साधारण पाचवा हिस्सा. त्यातल्या कच्च्या तेलाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग आशियाकडे जातो. अमेरिकेकडे जाणारा हिस्सा त्या मानाने नगण्य. जहाजांच्या जाण्यायेण्याच्या पट्ट्या प्रत्येकी जेमतेम दोन मैल रुंद, मध्ये दोन मैलांचे अंतर. वळसा घालायला सौदी अरेबियाची यानबूपर्यंतची पाइपलाइन आणि अमिरातींची फुजैरापर्यंतची, पण दोन्ही मिळून सगळा माल काही वाहू शकत नाहीत.

तिथे एखाद्या जहाजावर हल्ला झाला की खरेदीच्या टेबलावर काय होते ते सांगतो, कारण बाहेर याची भलतीच कल्पना असते. पहिला फोन जहाजदलालाचा येतो. लंडनच्या विमा बाजाराने तो भाग जोखमीच्या यादीत घातलेला असतोच, आता युद्धजोखमीचा जादा हप्ता वाढलेला असतो. हा हप्ता जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत आणि थोड्या दिवसांपुरता मिळतो. समजा वीस लाख पिंपे वाहणारे जहाज दहा कोटी डॉलरचे आहे आणि हप्ता अर्धा टक्का झाला. पाच लाख डॉलर झाले, म्हणजे पिंपामागे पंचवीस सेंट. ऐकायला मोठे, पण पचणारे. त्याच दुपारी बाजारात तेल पिंपामागे पाच डॉलरने चढलेले असते, म्हणजे त्याच जहाजावर एक कोटी डॉलर. विम्याच्या वीसपट. एकही पिंप वाया गेलेले नसते, एकही जहाज अडलेले नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदीच्या अबकैक प्रकल्पावर हल्ला झाला आणि दिवसाचे ५७ लाख पिंपांचे उत्पादन थांबले, तेव्हा सोमवारी बाजार उघडताच ब्रेंटने जी उडी मारली तिचा फटका सौदी तेल न घेणाऱ्यालाही तेवढाच बसला.

म्हणून अमेरिकेचे पाचवे आरमार बहरीनमध्ये असते. आपल्या टँकरपेक्षा जागतिक भावाची राखण, आणि त्या राखणीतून आशियातल्या ग्राहकांवर मिळणारे वजन. जानेवारी १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी आखातावर कोणी बाहेरची शक्ती ताबा मिळवू पाहील तर लष्करी बळ वापरू असे जाहीर केले, १९८३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मध्यवर्ती लष्करी विभाग उभा राहिला. इराण-इराक युद्धात १९८७ मध्ये कुवेतच्या टँकरवर अमेरिकी झेंडे लावून त्यांना आरमाराचे संरक्षण देण्यात आले. पहिल्याच ताफ्यातला 'ब्रिजटन' हा टँकर सुरुंगावर गेला, तो बुडाला नाही, आणि त्यानंतर रक्षणाला असलेल्या युद्धनौका त्याच्याच पाठोपाठ रांगेत चालल्या, कारण सुरुंगाचा धक्का त्या अवाढव्य धुडाला जितका सोसेल तितका त्यांना सोसला नसता. रक्षकाने रक्ष्याच्या आडून चालावे, हे दृश्य आरमारी सुरक्षेची मर्यादा नीट दाखवते.

इथपर्यंत कंपन्या आल्याच नाहीत. त्या कुठे येतात हे पाहायचे तर १९५९ मध्ये जावे लागते. माझ्या मते या विषयातले सर्वांत बोलके प्रकरण हेच, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

पन्नासच्या दशकात मध्यपूर्वेचे तेल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरवूनही देशी तेलापेक्षा पिंपामागे डॉलर-सव्वा डॉलरने स्वस्त पडत होते, आणि त्या काळी देशी पिंपाचाच भाव तीन डॉलरच्या आसपास होता. टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियानातले स्वतंत्र उत्पादक हवालदिल झाले. त्यांचे म्हणणे असे की परदेशी तेलाने देशी उद्योग मेला तर युद्धकाळात देश उघडा पडेल. ही नुसती थाप नव्हती. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत टँकरमागून टँकर बुडवले होते आणि टेक्सासचे तेल पूर्वेला नेण्यासाठी घाईघाईने मोठी पाइपलाइन टाकावी लागली होती. मार्च १९५९ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून आयातीवर सक्तीचा कोटा बसवला. तो चौदा वर्षे चालला.

मग त्या कोट्याला पाय फुटले. आयातीचा हक्क म्हणजे 'तिकीट', आणि ते रिफायनऱ्यांना वाटले जाई. गंमत अशी की समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या, परदेशी तेलाचा थेंबही न वापरणाऱ्या रिफायनरीलाही तिकीट मिळे. ती ते किनाऱ्यावरच्या रिफायनरीबरोबर बदलून घेई आणि फरकाचे पैसे खिशात टाकी. छोट्या रिफायनरीला प्रमाणाबाहेर जास्त तिकिटे मिळत, म्हणून एरवी बंद पडल्या असत्या अशा रिफायनऱ्या निव्वळ तिकिटांवर तगल्या. एकदा असा वर्ग तयार झाला की नियम रद्द करणे जवळजवळ अशक्य होते. हरणारे ग्राहक विखुरलेले असतात, जिंकणारा प्रत्येक जण आपल्या सिनेटरला नावाने ओळखतो.

त्यात एक सवलत होती: खुष्कीच्या मार्गाने आलेले तेल कोट्यातून मुक्त. कारण काय, तर ट्रक किंवा पाइपलाइन काही पाणबुडी बुडवू शकत नाही. कॅनडासाठी हे ठीक होते. मेक्सिकोचे तेल मात्र पाइपलाइनने येत नव्हते, जहाजाने येत होते. तेव्हा शक्कल निघाली. मेक्सिकोचे तेल जहाजाने टेक्सासच्या ब्राउन्सव्हिल बंदरात उतरायचे, कस्टमच्या ताब्यात टाकीत राहायचे, मग टँकर-ट्रकमध्ये भरून पूल ओलांडून मेक्सिकोत जायचे. तिथे ट्रक वळायचा, पुन्हा त्याच पुलावरून परत यायचा, आणि आता ते तेल 'खुष्कीने आलेले' ठरायचे. मग त्याच बंदरात पुन्हा जहाजात चढून ते समुद्रमार्गानेच ईशान्येकडे रवाना. ज्या पाणबुडीच्या भीतीने सवलत दिली, तिच्यासमोरून ते दोनदा जायचे. दिवसाला सुमारे ३०,००० पिंपे अशी फिरत होती आणि दोन्ही सरकारांना ते पुरते ठाऊक होते.

कोट्याच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टेक्सासमध्ये किती तेल काढायचे हे तिथला रेल्वे आयोग ठरवत असे (नाव रेल्वेचे, काम तेलाचे). साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो विहिरींना महिन्यातले आठ-नऊ दिवसच पूर्ण क्षमतेने चालू देई. भाव राखणे हा हेतू उघडच होता, पण त्यामुळे हाताशी मोठी राखीव क्षमता राहिली. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल रोखले तेव्हा अमेरिकेने नळ मोकळे सोडले आणि ती बंदी फुसकी ठरली. मात्र मागणी वाढतच होती आणि कोट्यामुळे ती मुख्यतः देशी विहिरींवरच भागवली जात होती. १९७० मध्ये देशी उत्पादनाने त्या काळचे शिखर गाठले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयोगाने शंभर टक्के उत्पादनाला परवानगी दिली, म्हणजे राखीव काही उरलेच नाही. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये पुन्हा अरब बंदी आली तेव्हा सोडायला नळच नव्हता.

त्याआधी, फेब्रुवारी १९७० मध्ये, जॉर्ज शुल्ट्झ यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिस्तरीय गटाने अहवाल दिला होता. कोट्यामुळे ग्राहकांवर १९६९ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलरचा बोजा पडला असे त्यात होते, आणि बहुमताने शिफारस होती की कोटा काढून आयातशुल्क लावावे. शुल्काचा पैसा निदान सरकारी तिजोरीत आला असता, तिकिटाचा पैसा खासगी खिशात जात होता. अध्यक्ष निक्सन यांनी अहवाल बाजूला ठेवला. कोटा उठला एप्रिल १९७३ मध्ये, म्हणजे तुटवडा दारात आल्यावर. तेलवाल्यांचा प्रभाव म्हणजे काय असे कोणी विचारले तर मी कुठल्याही युद्धाआधी हा बाजूला ठेवलेला अहवाल दाखवीन.

१९७३ बद्दल जाता जाता. बंदी अमेरिका आणि नेदरलँड्सवर जास्त कडक होती, पण प्रत्यक्षात कंपन्यांनी जहाजे फिरवली, अरब तेल इतरांना आणि इतरांचे तेल या दोघांना, आणि तुटवडा सगळ्यांनी साधारण सारखाच वाटून घेतला. समुद्रावरचे तेल कोणाला विकायचे नाही हे विक्रेता ठरवू शकतो, ते शेवटी कुठे पोचेल हे ठरवणे त्याला जड जाते. पंपांवरच्या रांगांना अमेरिकेचेच भावनियंत्रण आणि वाटपाचे नियम बऱ्याच अंशी कारणीभूत होते. भाव मात्र तीन डॉलरच्या आसपासून जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकराच्या वर गेला, आणि तो चढलेला भाव बंदी उठल्यावरही राहिला.

आता लढायांकडे. 'तेलासाठी युद्ध' हे वाक्य इतके वापरले गेले आहे की त्यात 'कोणाच्या तेलासाठी' हा प्रश्न बुडून जातो. १९५३ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण करणारे इराणचे पंतप्रधान मोसादेक यांना पाडण्यामागे ब्रिटन आणि अमेरिका होते, हे आता वादाचे राहिलेले नाही. ब्रिटिश सरकारचा हिस्सा तर उघड होता, इराणचे तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचे १९१४ पासून निम्म्याहून जास्त भाग सरकारच्याच मालकीचे होते. पण बड्या अमेरिकी कंपन्यांना त्या वेळी इराणचे तेल फारसे नको होते. जगात तेलाचा सुकाळ होता आणि सौदी अरेबियात त्यांचे बस्तान बसले होते. वॉशिंग्टनने त्यांना इराणचे तेल काढण्यासाठी १९५४ मध्ये झालेल्या कंपन्यांच्या संघात ओढले. आणि इथे खरी मेख आहे: याच कंपन्यांवर संगनमताने बाजार वाटून घेतल्याचा फौजदारी खटला उभा राहत होता. जानेवारी १९५३ मध्ये, पदावरून जाता जाता, अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन तो दिवाणी करायला सांगितले. कंपन्यांना इराण मिळाले याहून त्यांच्या मानेवरची फौजदारी टळली, हा मला मोठा लाभ वाटतो.

सौदीची गोष्ट तशीच. १९५० च्या अखेरीस अराम्कोने (तिथले तेल काढणारी, तेव्हा अमेरिकी मालकीची कंपनी) सौदी राजाबरोबर नफा निम्मानिम्मा वाटण्याचा करार केला. राजाला दिलेला पैसा परदेशी प्राप्तिकर मानून कंपनीच्या अमेरिकेतल्या करातून वळता करण्याची मुभा मिळाली. राजाची तिजोरी भरली, कंपनीचे फारसे गेले नाही, भरपाई अमेरिकी करदात्याने केली. परराष्ट्र खात्याला राजा खूश हवा होता, पण परकीय मदत म्हणून तेवढी रक्कम काँग्रेसकडून मंजूर करून घेणे कठीण गेले असते. करातून ती चर्चेविना गेली.

इराकबद्दल २००३ पासून हाच प्रश्न येतो. त्या युद्धात तेलाचा विचार नव्हता असे मी म्हणणार नाही. सेवा पुरवणाऱ्या कंत्राटदारांनी बक्कळ कमावले हेही खरे. पण तेलक्षेत्रांचे लिलाव २००९ मध्ये झाले तेव्हा सर्वांत मोठे रुमैला क्षेत्र ब्रिटनच्या बीपीला आणि चीनच्या सरकारी कंपनीला मिळून गेले, पश्चिम कुर्ना-२ रशियाच्या लुकऑइलच्या गटाला. तेलाची मालकी नाहीच, वाढवून काढलेल्या पिंपामागे दोन डॉलर किंवा त्याहूनही कमी मोबदला. एक्सॉनमोबिलला पश्चिम कुर्ना-१ मिळाले, ते तिने २०२४ च्या सुरुवातीला सोडले आणि सूत्रे पेट्रोचायनाकडे गेली. कंपन्यांनी हे युद्ध मागवून घेतले असेल तर त्यांनी फारच वाईट सौदा केला.

बरे, 'ऊर्जा हितसंबंध' म्हणजे फक्त तेल विकणारे नव्हेत. तेल जाळणारी यंत्रे विकणारेही त्यातच आले. १९७५ च्या कायद्याने मोटारींना १९८५ पर्यंत गॅलनमागे सरासरी २७.५ मैलांचे बंधन घातले. परावलंबन कमी करणारा याहून परिणामकारक कायदा अमेरिकेने क्वचितच केला असेल. लक्ष्याचे वर्ष उलटताच फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या मागणीवरून ते काही वर्षे २६ वर आणले गेले. खरी पळवाट 'हलके ट्रक' या वर्गात होती. त्यांना मापदंड बराच सैल, कारण मूळ कल्पना शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या ट्रकची होती. कुटुंबाने फिरायला न्यायची उंच गाडी ट्रकच्या सांगाड्यावर बांधली की ती याच वर्गात बसे. मग तशाच गाड्यांची जाहिरात झाली, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला विकल्या जाणाऱ्या गाड्यांत निम्म्याच्या आसपास 'ट्रक' होते.

आणि १९९६ ते २००१ या आर्थिक वर्षांत काँग्रेसने परिवहन खात्याच्या खर्चाच्या विधेयकात दरवर्षी एक तरतूद घातली: या निधीतून इंधनमापदंड बदलण्याचे काम करता येणार नाही. मापदंड रद्द केला नाही, त्याविरुद्ध भाषण केले नाही. फक्त त्यावर काम करणाऱ्या अधिकाऱ्याचा पगार या कामासाठी वापरायला बंदी. पाचर मारावी तर अशी. त्या वर्षांत तेल स्वस्त होते, कोणाला पडली नव्हती. दोन-तीन बलाढ्य उद्योग, त्यांच्या कामगार संघटना आणि मोटारउद्योगाचे राज्य असलेल्या मिशिगनचे लोकप्रतिनिधी, दोन्ही पक्षांचे, एवढ्यांनी ते निभावले.

मक्यापासूनच्या इथेनॉलचेही थोडे असेच. इंधनात ते मिसळण्याचा सध्याचा कोटा ज्या २००७ च्या कायद्यावर उभा आहे, त्याच्या नावातच ऊर्जास्वातंत्र्य आणि सुरक्षा दोन्ही आहेत. त्यामुळे आयोवाचा मकेवाला राष्ट्ररक्षक झाला. लिटरला लिटर धरले तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, ही बाब भाषणात येत नाही.

हा दोष अमेरिकेचाच आहे असे समजू नये. जर्मनीचे उदाहरण तर जास्त जहाल आहे. चॅन्सेलर श्र्योडर यांच्या उपस्थितीत सप्टेंबर २००५ मध्ये रशियातून वायू आणणाऱ्या बाल्टिक समुद्रातल्या वायुवाहिनीचा करार झाला, ते पदावरून गेले आणि काही महिन्यांतच त्या वाहिनीच्या कंपनीत वरच्या पदावर बसले. याची बातमी झाली, टीका झाली, सगळ्यांना माहीत आहे. मला त्याहून गंभीर वाटते ते रेडेन. लोअर सॅक्सनीतल्या या गावाजवळ देशातला सर्वांत मोठा भूमिगत वायुसाठा आहे, एकूण साठवणक्षमतेचा जवळपास पाचवा हिस्सा. २०१५ मध्ये, रशियाने क्रिमिया गिळल्यानंतरच्या वर्षी, मालमत्तांच्या अदलाबदलीत तो पूर्णपणे गाझप्रोम या रशियाच्या सरकारी वायुकंपनीकडे गेला. खासगी कंपन्यांचा व्यवहार म्हणून सरकारने तो होऊ दिला. २०२१ च्या शरद ऋतूत, सगळे साठे भरून ठेवायच्या वेळी, रेडेन जवळजवळ रिकामा होता. पुढच्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झाले. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात ते हे. साठा अमुक तारखेला अमुक टक्के भरलेला असावा असा कायदाच तोवर नव्हता, तो २०२२ मध्ये आला. अर्थात हेही नोंदवायला हवे की त्याच जर्मनीने विल्हेल्म्सहाफेनला द्रवरूप वायू उतरवण्याचा धक्का दोनशे दिवसांच्या आत उभा केला. वर्षानुवर्षे 'परवडत नाही' म्हणून बाजूला राहिलेली गोष्ट.

तर मग उपयोगी काय पडते? साठा पडतो, पण त्याचे काम समजून घ्यावे लागते. १९७३ नंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आयातदार सदस्यांना नव्वद दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवावा लागतो. अमेरिकेचा सामरिक साठा टेक्सास आणि लुइझियानातल्या मिठाच्या भूगर्भीय पोकळ्यांत आहे, चार ठिकाणी, क्षमता सत्तर कोटी पिंपांच्या थोडी वर. अध्यक्षांनी आदेश दिल्यापासून तेल बाजारात यायला सुमारे तेरा दिवस लागतात. तरीही नुसत्या घोषणेचा परिणाम होतो. जानेवारी १९९१ मध्ये इराकवर हवाई हल्ले सुरू झाले आणि त्याच वेळी साठा सोडण्याची घोषणा झाली, तेव्हा भाव चढण्याऐवजी एका दिवसात दहा डॉलरच्या वर कोसळला. (लढाई लवकर आटोपेल हा अंदाजही त्यात होता, सगळे श्रेय साठ्याला देऊ नये.)

पण साठ्यालाही पाय फुटतात. २०१५ पासून काँग्रेसने अनेक कायद्यांत खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी साठ्यातले तेल विकण्याची तरतूद केली. कुठे रस्ते, कुठे आणखी काही. त्यात २०२२ च्या १८ कोटी पिंपांच्या विक्रीची भर पडली आणि २०२३ च्या मध्याला साठा चाळीस वर्षांतल्या नीचांकावर आला. २०२२ ची विक्री निदान युद्धाच्या कारणाने झाली. रस्त्यांसाठी तेल विकणे म्हणजे विम्याची पॉलिसी मोडून घराला रंग देणे.

टिकाऊ उपाय एकच आहे: तेल कमी लागणे. फ्रान्सने १९७४ मध्ये अणुवीज हाती घेतली आणि वीजनिर्मितीतून तेल जवळजवळ हद्दपार केले. नॉर्वे तेल विकून श्रीमंत झाला, पण २०२४ मध्ये तिथे विकलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळपास नऊ पूर्ण विजेवरच्या होत्या. विक्रेता म्हणून भाव चढला तर त्याला आनंदच, ग्राहक म्हणून त्याचा माणूस बराचसा सुटलेला. असे दोन्हीकडून सुरक्षित असणे फार थोड्यांना साधते, आणि नॉर्वेला ते तेलामुळे साधले नाही, मोटारींवरच्या जबर करामुळे आणि विजेच्या गाड्यांना त्यातून दिलेल्या सुटीमुळे साधले.

यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न: म्हणजे तेलवाल्यांच्या तावडीतून सुटून बॅटरीसाठी चीनच्या तावडीत जायचे? चीनचे वर्चस्व खरे आहे. लिथियमचे बहुतांश शुद्धीकरण तिथे होते, बॅटरीला लागणारे ग्राफाइट तर जवळजवळ सगळेच, आणि डिसेंबर २०२३ पासून ग्राफाइटच्या निर्यातीला परवाना लागतो. पण दोन्ही परावलंबने एका जातीची नाहीत. तेल रोज जळते, पुरवठा तुटला तर महिन्याभरात ट्रक उभे. बॅटरी एकदा बसली की दहा-बारा वर्षे चालते, पुरवठा तुटला तर नवी गाडी मिळणार नाही, असलेली चालूच राहील. पर्यायी खाणी आणि कारखाने उभे करायला तेवढी सवड मिळते. १९७३ मध्ये कोणाला अशी सवड होती?

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेने चिनी विद्युत मोटारींवर शंभर टक्के आयातशुल्क लावले. त्यामागे अनुदानित स्वस्त मालाची तक्रार आहे, सुरक्षेची भाषा आहे, आणि १९५९ सारखीच तीही सगळी खोटी नाही. पण ज्या वस्तूने तेलाचा वापर घटतो तीच ग्राहकाला महाग पडते, आणि त्या आडोशाला देशी कारखानदार स्वस्त विद्युत गाडी आणतो की भरपूर नफ्याचे मोठे ट्रकच विकत बसतो, हे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. शुल्काला मुदत घातली असती आणि त्या मुदतीत अमुक किमतीची गाडी बाजारात आणायची अट जोडली असती, तर मी ते सुरक्षाधोरण मानले असते.